कुलूप कोणी लावायचं, पैसे कोणी भरायचे?

वाचकांचे प्रश्न, ताईची उत्तरं

मागच्या अंकात मी लिहिलं होतं की सायबर सुरक्षेबद्दल या वेळी पासवर्ड कसा ठेवायचा वगैरे नको, पैशाचं विचारा. कोणाचे जातात, कोण भरतं, कोणाला परवडतं. पत्रं आणि व्हॉट्सॲप मेसेज भरपूर आले, सगळे घेणं शक्य नाही, सहा निवडलेत. मी स्वतः बरीच वर्षं सहकारी बँका आणि पतसंस्थांचं कॉम्प्युटर ऑडिट करत होते, त्यामुळे पहिल्या उत्तरात जरा जास्तच रमलेय, सांभाळून घ्या.

प्रश्न: ताई नमस्कार. मी सांगली जिल्ह्यातल्या एका लहान अर्बन बँकेत संचालक आहे. आमच्या आयटीच्या मुलाने या वर्षी सुरक्षेसाठी १४ लाख मागितलेत. बोर्डात बाकीचे म्हणतात दहा वर्षांत काही झालं नाही, आत्ताच काय घाई? मला पटतंय की द्यावेत, पण किती द्यावेत आणि का द्यावेत हे मांडता येत नाही.

उत्तर: दादा, "काही झालं नाही" हे वाक्य मी कितीतरी बोर्डांत ऐकलंय. एक प्रसंग सांगते, बँकेचं नाव नको. सर्व्हर जिन्याखालच्या खोलीत, त्याच्यासमोर एक टेबल फॅन कायम चालू, आणि ॲडमिनचा पासवर्ड भिंतीवरच्या कॅलेंडरच्या मागच्या बाजूला बॉलपेनने लिहिलेला. पासवर्ड काय, तर बँकेचं नाव आणि पुढे १२३. मी रिपोर्टमध्ये लिहिलं, फायरवॉल घ्या, ॲडमिनचं लॉगिन बदला, आणि मला बोर्डासमोर बोलावलं. विषय क्रमांक ८ होता वार्षिक सभेला सभासदांना भेटवस्तू काय द्यायची, त्यावर तासभर चर्चा, स्टीलचा डबा की सोलापुरी चादर. विषय क्रमांक ९ माझा, साडेतीन लाखांचं कोटेशन. दोन मिनिटांत "पुढच्या मीटिंगला घेऊ" झालं आणि चहा आला.

ती माणसं वाईट नव्हती हो, त्यातले दोघं तर स्वतःच्या खिशातून गावातल्या मुलांच्या फिया भरणारे होते. पण डबा दिसतो, सभासद तो घरी नेतो, निवडणुकीत त्याची आठवण राहते. न झालेली चोरी कोणाला दिसत नाही, तिचं श्रेय कोणाला मिळत नाही, आणि झालीच तर ती कदाचित पुढच्या बोर्डाच्या काळात होणार. खर्च आज माझ्या नावावर आणि फायदा उद्या दुसऱ्याच्या, असं असलं की भला माणूसही पुढे ढकलतो. तुमच्या बोर्डातही हेच चाललंय, म्हणून आधी हे ओळखा, मग आकड्यांकडे या.

आकडा द्यायचा तर पुण्याच्या कॉसमॉस बँकेचा द्या. ११ ऑगस्ट २०१८, शनिवार. एटीएम आणि बँकेची खाती यांना जोडणारी मधली यंत्रणा म्हणजे स्विच, चोरांनी त्याच्या जागी स्वतःचा नकली स्विच उभा केला. म्हणजे जगात कुठेही बनावट कार्ड मशीनमध्ये घातलं की "या खात्यात पैसे आहेत का" हा प्रश्न खऱ्या बँकेपर्यंत पोचायचाच नाही, मधला चोरच "हो, द्या" म्हणायचा. २८ देशांत मिळून साधारण ७८ कोटी, आपल्या देशात रुपे कार्डांवर अडीच कोटी, आणि सोमवारी १३ तारखेला स्विफ्टच्या, म्हणजे परदेशी बँकांना पैसे पाठवायच्या जाळ्यातल्या, खोट्या संदेशांनी हाँगकाँगला १३ कोटी ९२ लाख. एकूण ९४ कोटी ४२ लाख. १९०६ साली सुरू झालेली बँक, खातेदारांच्या खात्याला हात लागला नव्हता, नुकसान बँकेचं. आणि पैसे काढायला माणसं उभी होती त्यात आपलं कोल्हापूरही होतं. पुण्याच्या कोर्टाने २०२३ मध्ये ११ जणांना शिक्षा दिली, पण ती पैसे काढणारी हातं होती, डोकं नव्हे.

आता किती खर्च करावा. मेरीलँड विद्यापीठातले गॉर्डन आणि लोएब या दोन प्राध्यापकांनी २००२ मध्ये यावर एक हिशोब मांडला होता, जगभर अजून वापरतात. आधी अपेक्षित नुकसान काढायचं, म्हणजे एका वर्षात घटना घडण्याची शक्यता गुणिले घडली तर होणारं नुकसान. त्यांच्या मॉडेलमधल्या गृहीतकांनुसार सुरक्षेवर त्या रकमेच्या साधारण ३७ टक्क्यांपेक्षा जास्त खर्च करणं परवडत नाही, बऱ्याचदा त्याहून बरंच कमी पुरतं. समजा तुमच्याकडे मोठी चोरी व्हायची शक्यता वर्षाला वीसात एक आणि झाली तर ५ कोटी जातील, तर अपेक्षित नुकसान २५ लाख, त्याचे ३७ टक्के म्हणजे सव्वानऊ लाख. हे आकडे मी उदाहरणाला घेतलेत, तुमचे तुम्ही बसून काढा, पण काढा. मुलाने १४ मागितले म्हणून १४ नाही आणि बोर्ड घाबरलं म्हणून शून्य नाही.

पण या हिशोबात एक भोक आहे आणि ते मला नेहमी खटकतं. यात बँक फक्त स्वतःचं नुकसान मोजते. तुमची बँक दोन दिवस बंद राहिली तर ज्याच्या घरी लग्न आहे, ज्याला कामगारांचा पगार करायचाय, त्याचं नुकसान तुमच्या ताळेबंदात कुठेच येत नाही. ३१ जुलै २०२४ आठवतंय का? सी-एज टेक्नॉलॉजीज या बँकांना कॉम्प्युटर सेवा देणाऱ्या कंपनीत रॅन्समवेअर, म्हणजे फाइलींना कुलूप लावून खंडणी मागणारा व्हायरस, शिरलं आणि यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयने खबरदारी म्हणून ती कंपनी पेमेंटच्या जाळ्यातून बाजूला काढली, तर देशभरातल्या साधारण ३०० लहान बँकांचे ग्राहक यूपीआय-एटीएमविना बसले, त्यात सहकारी आणि ग्रामीण बँकाच जास्त. त्या बँकांनी स्वतः काहीच चूक केली नव्हती. म्हणून ३७ टक्क्यांचा हिशोब सांगा पण त्यात सभासदांची गैरसोय सुद्धा धरा, सहकारी बँक सभासदांचीच असते ना.

आणि १४ लाख एकदम नको असतील तर क्रम लावा. बॅकअप घेणं आणि तो परत लावून बघणं, दोन्ही, कारण मी बघितलेल्या अर्ध्या ठिकाणी बॅकअप होता पण उघडत नव्हता. ॲडमिनला दुहेरी लॉगिन. व्हेंडरला बाहेरून जो प्रवेश दिलेला असतो तो काम नसताना बंद. आणि शनिवार-रविवारी एटीएमचा हिशोब कोअर बँकिंगशी, म्हणजे बँकेच्या मुख्य खात्यांच्या नोंदींशी, जुळवून बघणारा एक माणूस, याला तर फारसे पैसेही लागत नाहीत, त्याला सुट्टीचा भत्ता द्या फक्त.

प्रश्न: ताई, माझे वडील एसटीतून ड्रायव्हर म्हणून रिटायर झाले. "आज रात्री साडेनऊला वीज कापली जाईल" असा मेसेज आला, त्यांनी नंबरवर फोन केला, समोरच्याने एक ॲप टाकायला लावलं आणि तीन वेळा मिळून २ लाख ८६ हजार गेले. बँक म्हणते तुमची चूक, आम्ही काही देणं लागत नाही. बाबा तेव्हापासून कोणाशी बोलत नाहीत. खरंच बँकेची काहीच जबाबदारी नाही का? (नाशिक)

उत्तर: आधी बाबांना हे वाचून दाखव. २०२४ या एका वर्षात आपल्या देशात लोकांचे सायबर फसवणुकीत २२,८४५ कोटी रुपये गेले, हा आकडा सरकारने लोकसभेत दिलाय, आदल्या वर्षी तो ७,४६५ कोटी होता. इतके पैसे वेंधळ्या माणसांचे जात नसतात, शिकलेल्यांचे, डॉक्टरांचे, निवृत्त अधिकाऱ्यांचे सुद्धा गेलेत. बाबांनी मान खाली घालायचं काही कारण नाही.

आता नियम. रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ ला परिपत्रक काढलं, सहकारी बँकांसाठी तसंच डिसेंबर २०१७ मध्ये. चूक ना तुमची ना बँकेची, तिसऱ्याच कोणाची असेल आणि तुम्ही तीन कामाच्या दिवसांत कळवलं तर तुमची जबाबदारी शून्य. चार ते सात कामाच्या दिवसांत कळवलं तर साध्या बचत खात्याला जास्तीत जास्त १० हजार तुमच्या अंगावर. पण ग्राहकाच्या निष्काळजीपणामुळे झालं, म्हणजे त्याने स्वतः माहिती दिली, तर कळवेपर्यंतचं नुकसान ग्राहकाचं. कळवल्यानंतर जे जाईल ते मात्र बँकेचं. आणि सगळ्यात महत्त्वाचं, ग्राहकाची चूक होती हे सिद्ध करायची जबाबदारी बँकेवर आहे, तुमच्यावर नाही.

म्हणून तू एक कागद घे आणि वेळा लिहून काढ. तीन ट्रान्झॅक्शन किती वाजता झाले, १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला पहिला फोन किती वाजता केला, बँकेच्या नंबरवर कधी केला. फोन आधी आणि तिसरं ट्रान्झॅक्शन नंतर असं निघालं तर ते बँकेने द्यायलाच हवं. बँकेला लेखी विचार की निष्काळजीपणा कशावरून ठरवला, कॉम्प्युटरमधल्या नोंदी (लॉग) दाखवा. तीस दिवसांत उत्तर नाही आलं किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार कर, फुकट आहे. सगळे परत मिळतील असं मी म्हणणार नाही, ॲप स्वतः टाकलं हे त्यांच्या बाजूचं आहे, पण न भांडता सोडू नकोस.

आणि तू जो खरा प्रश्न विचारलास, बँकेची जबाबदारी का नाही, त्यावर जरा मोठं लिहिते कारण माझा जीव यातच अडकलाय. एटीएम नवीन होती तेव्हा अमेरिका आणि ब्रिटन दोन्हीकडे लोक तक्रारी घेऊन यायचे की मी काढलेच नाहीत आणि पैसे गेले. १९८० मध्ये न्यूयॉर्कला एका बाईने बँकेवर दावा लावला, की पैसे निघाले तेव्हा मी ऑफिसात कामावर होते. बँक म्हणाली आमच्या मशीनचं रेकॉर्ड सांगतंय तुमच्याच कार्डाने निघाले. कोर्टाने बाईचं ऐकलं. अमेरिकेत पुढे कायद्यानेच अशा वादात सिद्ध करायचं ओझं बँकेवर राहिलं. ब्रिटनमध्ये उलटं. तिथल्या बँका म्हणायच्या आमची सिस्टिम चुकूच शकत नाही, म्हणजे तुम्ही खोटं बोलताय. एका पोलिस कॉन्स्टेबलने तक्रार केली तर त्याच्यावरच फसवणुकीच्या प्रयत्नाचा खटला झाला, १९९४ ला दोषी ठरला, १९९६ ला अपिलात सुटला. वर्दीतल्या माणसाची ही गत तर बाकीच्यांचं काय झालं असेल विचार कर.

केंब्रिजचे प्राध्यापक रॉस अँडरसन यांनी हे सगळं जवळून पाहिलं आणि २००१ मध्ये एक निबंध लिहिला, तिथपासून सायबर सुरक्षेचं अर्थशास्त्र हा विषय खऱ्या अर्थाने सुरू झाला असं मानतात. त्यांनी दाखवलं की ब्रिटिश बँका सुरक्षेवर अमेरिकन बँकांपेक्षा जास्त खर्च करत होत्या आणि तरी फसवणूक तिकडेच जास्त. कारण नुकसान ग्राहकाच्या माथी मारता येत होतं, म्हणून तक्रार आली की आत कोणी तपासायचंच नाही, ढिलाई वाढत गेली. अमेरिकन बँकेच्या स्वतःच्या खिशाला चाट बसायची म्हणून तिने कॅमेरे लावले, भोकं शोधली, बुजवली. म्हणजे मशीन तीच, चोर तेच, फरक फक्त भरपाई कोण देणार याचा.

ब्रिटनने हा धडा उशिरा का होईना घेतला. ७ ऑक्टोबर २०२४ पासून तिथे फसवून स्वतःच्या हाताने पैसे पाठवायला लावलेल्या ग्राहकालाही बँकेने ८५ हजार पौंडांपर्यंत परत द्यायचे, अगदीच बेफिकिरी केली असेल तर गोष्ट वेगळी. आणि ती रक्कम दोन बँकांनी अर्धी अर्धी भरायची, पाठवणाऱ्या बँकेने आणि जिच्या खात्यात पैसे पोचले तिने. दुसरी अर्धी मला फार आवडली. चोराला खातं कोणी उघडून दिलं? त्या बँकेला आत्तापर्यंत कोणी विचारतच नव्हतं. आपल्याकडे असं व्हावं असं मला मनापासून वाटतं. लोक म्हणतील मग माणसं बेफिकीर होतील, पण सत्तर वर्षांच्या माणसाच्या खात्यातून आयुष्यात कधी न पाठवलेली रक्कम पाच मिनिटांत नव्या खात्यांत तीन वेळा गेली हे बँकेच्या कॉम्प्युटरला दिसतं, बाबांना समोरच्याचा खोटेपणा दिसत नव्हता. ज्याला दिसतं त्याने थांबवायला हवं.

प्रश्न: इतके मूर्ख मेसेज का पाठवतात हे लोक? "आपका लौटरी लगा", स्पेलिंग चुकलेलं, कंपनीचं नाव चुकलेलं. जरा नीट लिहिलं तर जास्त लोक फसतील ना? (एक कॉलेज विद्यार्थिनी, लातूर)

उत्तर: छान प्रश्न. मायक्रोसॉफ्टमधले संशोधक कॉर्मॅक हर्ली यांनी २०१२ मध्ये याचं उत्तर दिलंय. मेसेज पाठवायला खर्च जवळपास शून्य, खर्च पुढे असतो, जो उत्तर देतो त्याच्याशी तासन्‌तास बोलण्याचा. मेसेज अगदी खरा वाटला तर हजार माणसं फोन करतील, त्यातली नऊशे नव्वद मध्येच शंका येऊन फोन ठेवतील, चोराचा वेळ फुकट. म्हणून बावळट मेसेज ही चाळणी आहे, तुझ्यासारखी आधीच गळून पडते. पण यावर विसंबून राहू नकोस, कारण हा हिशोब बोलायला माणूस लागत होता तेव्हाचा, आता बोलायचं काम मशीनला देता येतं, मग चाळणीची गरज कमी होणार आणि मेसेज सुधारणार. डिजिटल अरेस्टवाले, म्हणजे खोटे पोलीस बनून अटकेची भीती घालणारे, तर मेसेजच्या भानगडीत पडतच नाहीत, ते थेट वर्दीत व्हिडिओ कॉल करतात.

प्रश्न: माझा ट्रेलरचा धंदा, उरणला. २०१७ च्या जूनमध्ये व्हायरसमुळे न्हावा शेवाला टर्मिनलचं काम अडकलं तेव्हा माझ्या गाड्या लाइनीत उभ्या होत्या, ड्रायव्हरचा भत्ता, गाडीचा हप्ता चालूच. आम्ही ना कुठली लिंक दाबली ना काय. आता एजंट सायबर विम्याचं सांगतोय. घ्यावा का?

उत्तर: दादा, तुमच्या त्या लाइनीची गोष्ट युक्रेनमध्ये सुरू होते. तिथे एम-ई-डॉक नावाचं कर भरण्याचं सॉफ्टवेअर आहे, आपल्याकडे जीएसटीला लोक टॅली वापरतात तसं. त्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमध्ये घुसून २७ जून २०१७ ला नॉटपेट्या, म्हणजे तुमच्या लाइनीमागचा तो व्हायरस, सोडलं गेलं. अमेरिका आणि ब्रिटनने पुढे २०१८ मध्ये रशियाच्या लष्कराला जबाबदार धरलं. निशाणा युक्रेन, पण मर्स्क या मोठ्या जहाज कंपनीचं एक ऑफिस तिथे ते सॉफ्टवेअर वापरत होतं, तिथून नॉटपेट्या मर्स्कच्या सगळ्या जगात पसरलं, आणि मर्स्कच्याच गटातल्या एपीएम टर्मिनल्सचं जे टर्मिनल आपल्या जेएनपीटीत आहे तिथपर्यंत पोचलं. मर्स्कच्या अध्यक्षांनी नंतर सांगितलं की दहा दिवसांत ४ हजार सर्व्हर आणि ४५ हजार कॉम्प्युटर नव्याने उभे केले. त्यांचं नुकसान २५ ते ३० कोटी डॉलर. तुमच्या भत्त्याचा आणि हप्त्याचा आकडा यात नाही, कुठल्याच आकड्यात नाही.

याच्यात वाईट वाटण्यासारखी गोष्ट अशी की नॉटपेट्या ज्या भोकातून पसरलं त्यातल्या एका मोठ्या भोकाचा पॅच, म्हणजे भोक बुजवणारी दुरुस्ती, मायक्रोसॉफ्टने मार्च २०१७ मध्येच दिला होता. मे महिन्यात वॉनाक्राय नावाच्या रॅन्समवेअरने त्याच भोकातून ब्रिटनच्या कितीतरी सरकारी हॉस्पिटलांचं काम अडकवलं, तरी जूनपर्यंत जगात कितीतरी मशीन तशाच. पॅच लावायचा म्हणजे काम थांबवायचं, ते नुकसान आपलं, आणि न लावल्याचं नुकसान कोणत्या तरी उरणच्या गाडीवाल्याचं. कारखाना नदीत घाण सोडतो आणि खालच्या गावाचं पाणी जातं तसंच हे आहे.

विम्याचं. औषध कंपनी मर्क याच हल्ल्यात सापडली, १४० कोटी डॉलरचा दावा केला, आणि विमा कंपन्या म्हणाल्या हे युद्ध आहे, पॉलिसीत युद्ध धरलेलं नाही. खटला वर्षानुवर्षं चालला, न्यू जर्सीच्या कोर्टाने मर्कच्या बाजूने निकाल दिला, २०२३ ला अपिलातही तोच राहिला, आणि जानेवारी २०२४ मध्ये तडजोड झाली. त्यांच्याकडे वकिलांची फौज होती. आणि मधल्या काळात लंडनच्या लॉइड्स या मोठ्या विमा बाजाराने २०२३ पासून आपल्या सायबर पॉलिसीत एखाद्या देशाने केलेल्या हल्ल्यांना वगळणारी कलमं सक्तीची केली. म्हणून एजंटला दोनच गोष्टी लेखी विचारा. दुसऱ्याची सिस्टिम बंद पडल्यामुळे माझं काम थांबलं तर ते यात धरलंय का, कारण तुमचा धोका तोच आहे, तुमच्या ऑफिसातला कॉम्प्युटर नव्हे. आणि परदेशी सरकारने केलेला हल्ला वगळलाय का. पहिल्याला "नाही" आलं तर हप्ता भरू नका, त्यापेक्षा पार्टीशी जे कागद करता त्यात एक ओळ घाला की टर्मिनलची सिस्टिम बंद असेल तर गाडी थांबल्याचे पैसे आणि कंटेनरचं डिटेन्शन, म्हणजे तो उशिरा परत केल्याचा आकार, कोणाकडे. ती ओळ फुकट आहे. एकट्याला जमत नसेल तर संघटनेतून मागा.

प्रश्न: मिक्सर बिघडला तर वॉरंटी, गाडीत दोष निघाला तर कंपनी परत बोलावते. मग सॉफ्टवेअर कंपन्या भोकं ठेवून विकतात आणि "आम्ही जबाबदार नाही" वर टिक करून घेतात, हे चालतं कसं? (प्राध्यापक, कॉमर्स, रत्नागिरी)

उत्तर: सर, तुम्ही रत्नागिरीचे म्हणून आंब्यावरूनच सांगते. पेटीवर हापूस लिहिलंय, आत दुसरीकडचा आंबा भरलाय, गिऱ्हाईकाला मुंबईत बघून कळत नाही. मग तो खऱ्या हापूसचाही पूर्ण भाव द्यायला कचरतो, आणि खरा बागायतदार मार खातो. अर्थतज्ज्ञ जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० मध्ये जुन्या गाड्यांच्या बाजारावरून हेच मांडलं आणि २००१ ला त्यांना नोबेल मिळालं. सॉफ्टवेअरचंही तसंच, "सुरक्षित" असं दोघंही लिहितात, घेणाऱ्याला आतलं दिसत नाही, म्हणून ज्याने खरंच मेहनत घेतली त्याला जास्त भाव मिळत नाही, मग तो मेहनत कशाला घेईल. वर ज्याचं प्रॉडक्ट आधी बाजारात येतं त्याच्याकडे सगळे जातात, म्हणून आधी विका, भोकं नंतर बुजवा. हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, म्हणजे पेटीवरच्या शब्दामागे कायदा उभा राहिला. सॉफ्टवेअरला तसं फार कमी आहे.

जे फुकट वाटतात त्यांची अवस्था वेगळीच. ओपनएसएसएल हे इंटरनेटच्या एका मोठ्या भागाचं कुलूप, तुम्ही बँकेची साइट उघडता तेव्हा जे कुलूप दिसतं त्यामागे बऱ्याच ठिकाणी तेच. एप्रिल २०१४ मध्ये त्यात हार्टब्लीड नावाचं भोक सापडलं तेव्हा जगाला कळलं की या प्रकल्पाला वर्षाला देणग्या यायच्या जेमतेम २ हजार डॉलरच्या आसपास. अब्जावधी कमावणाऱ्या कंपन्या ते फुकट वापरत होत्या आणि प्रत्येकाला वाटत होतं बघत असेल कोणीतरी. गावच्या विहिरीचा गाळ काढायला कोणी येत नाही तसं.

बदल होतोय मात्र. युरोपचा सायबर रेझिलियन्स कायदा डिसेंबर २०२४ मध्ये अमलात आला, त्याची मुख्य बंधनं डिसेंबर २०२७ पासून लागतील, भोकं बुजवायची जबाबदारी बनवणाऱ्यावर, नाहीतर दीड कोटी युरो किंवा जगभरातल्या उलाढालीच्या अडीच टक्के, यातलं जे जास्त तेवढ्यापर्यंत दंड. आपल्याकडच्या २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यातही सुरक्षा न ठेवल्याबद्दल २५० कोटींपर्यंत दंड आहे. पण तो दंड सरकारजमा होतो, ज्याची माहिती फुटली त्याच्या हातात त्यातलं काही येत नाही, आणि हे मला अन्यायाचं वाटतं. वर्गात मुलांना हा मुद्दा नक्की द्या सर, वाद घालू देत.

प्रश्न: ताई, नाव छापू नका. माझा मुलगा जळगावला शिकतो, कॉट बेसिसवर राहतो. रूममेटच्या ओळखीचा एक जण म्हणतो बँक खातं आणि सिम दे, महिन्याला ५ हजार मिळतील, तुला काही करायचं नाही. मुलगा म्हणतो आई, खात्यात पैसेच नाहीत, आपलं काय जाणार? मला भीती वाटतेय.

उत्तर: ताई, तुमची भीती बरोबर आहे. मुलाला वाटतंय खातं रिकामं म्हणजे त्याला किंमत नाही. चोराच्या धंद्यात उलटं आहे. पैसे चोरणं त्याला तितकं अवघड राहिलेलं नाही, चोरलेले पैसे स्वतःच्या नावाशिवाय बाहेर काढणं अवघड आहे. फेब्रुवारी २०१६ मध्ये बांगलादेशच्या मध्यवर्ती बँकेचे जवळपास १०० कोटी डॉलर उचलायचा प्रयत्न झाला, ८ कोटी १० लाख फिलिपाईन्सला पोचले, ते कुठे पोचले तर मनिलाच्या एका बँक शाखेत कित्येक महिने आधी उघडून ठेवलेल्या चार खात्यांत. खाती मे २०१५ पासून जवळपास रिकामी पडून होती, या एका दिवसाची वाट बघत. तुमच्या मुलाचं रिकामं खातं म्हणजे तेच.

एका खात्यातून दिवसभरात काही लाख फिरवले जातात, मग ते गोठतं, फेकून देतात, पुढचं खातं. म्हणून त्यांना रोज नवीन मुलं लागतात, आणि हॉस्टेल, कॉट बेसिस, कॉलेजचे कट्टे इथेच ती मिळतात. वरच्या दुसऱ्या प्रश्नातल्या एसटी ड्रायव्हर काकांचे २ लाख ८६ हजार असल्याच कुठल्या तरी मुलाच्या खात्यातून गेले असणार. पोलिसांना सगळ्यात आधी सापडतं ते खातेदाराचं नाव, कारण आधार त्याचं, पॅन त्याचं, सही त्याची. ५ हजार देणाऱ्याचं नाव मुलाला तरी नीट माहीत आहे का, विचारा.

फोनवर नको, उद्याच एसटीने जा आणि समोर बसून बोला, रागावू नका, नाहीतर तो लपवेल. अजून काही दिलं नसेल तर तिथेच थांबा आणि त्या माणसाचा नंबर ब्लॉक. एटीएम कार्ड किंवा सिम एका दिवसासाठी जरी दिलं असेल तर त्याच दिवशी त्याला घेऊन शाखेत जा, खातं थांबवायचा लेखी अर्ज द्या, पोच घ्या, सिम बंद करा, आणि पोलिसांच्या सायबर शाखेत स्वतःहून जबाब द्या. आधी आलेला मुलगा आणि नोटीस आल्यावर आलेला मुलगा, यांच्याकडे बघायची नजर वेगळी असते. रूममेटलाही सोबत न्या, त्याची आई कदाचित तुमच्यासारखं पत्र लिहिणारी नसेल.